मित्राला 50 पैशांचे कार्ड

महोदय,

निकालानंतर आपण गुणवंतांचे फोटो छापता. छापा, पण यादीत नाव नसलेल्यांचे काय, तेही कधी लिहा.

पदवीनंतर माझा शाळेतला बाकमित्र स्पर्धा परीक्षेसाठी पुण्याला गेला. तिसऱ्यांदा पूर्व परीक्षेत अडकल्यावर त्याने फोन उचलणेच सोडले. मेसेजवर नुसत्या निळ्या खुणा. मग दर सोमवारी 50 पैशांचे पोस्टकार्ड टाकू लागलो. अभ्यासाबद्दल चकार शब्द नाही (तो काय, घरचे विचारतातच). गड्ड्याच्या जत्रेत पाळणे लागले, आमचा चादरीचा माग दोन दिवस बंद होता, आईची शेंगा चटणी यंदा फार तिखट झालीय, एवढेच. सातव्या कार्डाला उत्तर आले: ‘चटणी पाठव.’

पाठवली नाही. हुतात्मा एक्स्प्रेसने स्वतःच डबा घेऊन गेलो.

– एक यंत्रमागधारक, अशोक चौक, सोलापूर