गुहागरच्या वाळूतील ‘डायनासोरचा दात’

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आमच्या तालुक्यातील एका शाळेची सहल गुहागरला जाऊन आली आणि येताना मुलांनी शंखशिंपल्यांबरोबर वाळूत सापडलेला एक काळा, जड दात आणला. पंधरवड्याने तो विज्ञान प्रदर्शनात ‘डायनासोरचा दात’ अशा चिठ्ठीसह काचेच्या पेटीत मांडला गेला, त्याचे छायाचित्र एका स्थानिक अंकात छापून आले आणि पुढच्या दोन दिवसांत मोबाइलवर फिरता फिरता तो वाघाचाही झाला. मी आटपाडी, जत, खानापूर या भागांत ३२ वर्षे (गाईच्या तोंडात जितके दात असतात, नेमकी तितकीच) पशुवैद्यकाचे काम केले आहे. नातीबरोबर प्रदर्शन पाहायला गेलो असता तो दात हातात घेऊन पाहिला. ती गाई-म्हशीच्या खालच्या जबड्यातील शेवटची दाढ होती.

हे ओळखण्यात माझे विशेष कौतुक नाही. खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या बाजारात खोंडाचा ओठ बाजूला करून तो आदत (अजून दुधाचेच दात असलेला) आहे, दुसा (दोन पक्के दात आलेला) आहे, चौसा (चार आलेला) आहे की जुळलेला (सगळे आलेला) आहे, हे क्षणात सांगणारी माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत. परंतु ही मंडळी पाहतात ते खालचे पुढचे दात. वरच्या बाजूला पुढे गुरांना दात नसतातच, तिथे टणक हिरडीची गादी असते. दाढा मात्र पार आत, गाल आणि जीभ यांच्या आड राहतात आणि पिढ्यानपिढ्या गुरे सांभाळणाऱ्यांनीही त्या मुळासकट कधी पाहिलेल्या नसतात. त्यामुळे गोठ्यातल्याच जनावराची दाढ सुटी होऊन समोर आली, तर ती एखाद्या अचाट प्राण्याची वाटते. हिरडीच्या वर दिसतो तो दाढेचा थोडाच भाग, तिची बरीचशी उंची हाडाच्या खोबणीत असते, आणि रवंथ करून माथा झिजत जातो तशी ती वयाबरोबर वर सरकत राहते.

अशी दाढ ओळखायची तर तिचा चावण्याचा माथा वर करून उजेडात धरावा. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दाढेवर एनॅमलच्या (दातावरच्या कठीण आवरणाच्या) चंद्रकोरीसारख्या कडा दिसतात, कारण कठीण एनॅमल कमी झिजते आणि त्यामधला मऊ भाग खोल जातो. जात्याला टाकी लावावी तसा हा खडबडीतपणा जनावराला चारा दळायला जन्मभर उपयोगी पडतो. खालच्या जबड्यातील इतर दोन मोठ्या दाढांना दोन-दोन खांब (उभे, फुगीर भाग) असतात, शेवटच्या दाढेला मात्र मागे तिसरा, लहान खांब असतो, आणि शाळेतल्या दाढेला तो स्पष्ट दिसत होता. शिवाय गालाकडच्या अंगाला पहिल्या दोन खांबांच्या मधोमध एक बारीक जादा खांब असतो. तो गाई-म्हशींच्या दाढांत आढळतो, शेळ्या-मेंढ्यांच्या दाढांत सहसा नसतो, आणि त्यांच्या दाढा आकारानेही बऱ्याच लहान असतात. ही दाढ गाईची की म्हशीची, हे एका सुट्या दाढेवरून ठरवणे मुरलेल्या अभ्यासकालाही अवघड असते. तथापि ती दाढ झिजलेली होती आणि शेवटची दाढ वयाच्या दोन वर्षांनंतरच उगवते, म्हणजे ते जनावर पुरते वाढलेले होते, एवढे नक्की.

काळ्या रंगाने शिक्षकांची फसगत झाली, असे मला वाटते. खाडीच्या चिखलात हवा पोहोचत नाही, तिथे लोह आणि गंधकाची संयुगे तयार होतात आणि त्यांत रुतलेले हाड किंवा दात काळे पडतात. त्यासाठी लाखो वर्षे लागत नाहीत. रंग हा वयाचा पुरावा नव्हे. एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असून त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो, म्हणून हाडे झिजून, फुटून नाहीशी झाली तरी दाढा मागे उरतात. वाशिष्ठी नदी चिपळूणवरून दाभोळच्या खाडीत उतरते आणि गुहागरचा किनारा त्या मुखाच्या दक्षिणेस जवळच आहे. पुरात वाहून गेलेल्या किंवा नदीत टाकून दिलेल्या जनावरांचे अवशेष तिथे वाळूत यावेत, यात नवल नाही.

राहिला डायनासोर. सांगली-साताऱ्यापासून रत्नागिरीपर्यंतचा आपला सारा मुलूख लाव्हाच्या थरांनी बनलेला आहे आणि उकळत्या लाव्हात दात टिकत नाहीत. महाराष्ट्रात डायनासोरचे जीवाश्म मिळतात ते चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुऱ्यासारख्या ठिकाणी, लाव्हाखालच्या गाळाच्या खडकांत. शिवाय चंद्रकोरींची नक्षी असलेली दाढ ही सस्तन प्राण्याचीच खूण आहे.

किनाऱ्यावर इतर दातही सापडतात. मुशीचा (शार्कचा) दात चपटा, त्रिकोणी आणि पुष्कळदा करवतीसारख्या धारेचा असतो; मुशीचे दात आयुष्यभर गळतात आणि नवे येत राहतात. डॉल्फिनचे दात एकसारखे, शंकूच्या आकाराचे आणि एकाच मुळाचे असतात. डुकराच्या दाढेवर गोल उंचवटे असतात, तर सुळा वाकडा आणि तिकोनी असतो. घोड्याची वरची दाढ चौकोनी ठोकळ्यासारखी असून तिच्यावरची एनॅमलची नक्षी गाईपेक्षा पुष्कळ गुंतागुंतीची दिसते. ‘वाघाचा’ म्हणून दाखवला जाणारा सुळा तर बहुतेक वेळा कुत्र्याचा निघतो. कुत्र्याच्या सुळ्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो, मांजरकुळातील प्राण्यांच्या सुळ्यावर मात्र उभ्या बारीक चरा असतात, आणि पूर्ण वाढलेल्या वाघाचा सुळा मुळासकट सुमारे दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब असतो.

इथे एक गोष्ट गंभीरपणे लक्षात घेतली पाहिजे. आपल्या शेजारी चांदोली आणि कोयना मिळून झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आहे आणि एखादा सुळा खरोखरच वाघाचा किंवा बिबट्याचा असू शकतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अशा प्राण्यांचे दात आणि नखे ही सरकारी मालमत्ता ठरते आणि ती हाती आल्यापासून ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा वन विभागाच्या अधिकाऱ्याकडे खबर द्यावी लागते. डॉल्फिनसारख्या प्राण्यांनाही हाच कायदा लागू आहे. तेव्हा ‘वाघाचा दात’ म्हणून छायाचित्र मिरवणारा माणूस एक तर चुकीचे सांगत असतो, नाही तर स्वतःवरच आळ ओढवून घेत असतो.

माझी विनंती एवढीच आहे की, अशा ‘शोधा’चे छायाचित्र छापण्यापूर्वी आपल्यासारख्या दैनिकांनी पाठवणाऱ्याकडून तीन छायाचित्रे मागवावीत : चावण्याचा माथा, बाजू आणि मुळे, प्रत्येकाशेजारी मोजपट्टी ठेवून. ती शिरवळच्या पशुवैद्यक महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या कोणाही प्राध्यापकाला दाखवली, तरी निम्मे डायनासोर त्याच दिवशी गोठ्यात परततील. मुलांना मात्र कोणी हसू नये. त्यांनी दात उचलून आणला, जपला आणि विचारला, चूक झाली ती उत्तर देणाऱ्यांची. शाळेने माझे म्हणणे ऐकून घेतले असून चिठ्ठीवर आता ‘गाय किंवा म्हैस, खालच्या जबड्यातील तिसरी मोठी दाढ, गुहागर’ असे लिहिले आहे, आणि शेजारी ठेवायला एका पालकाने आपल्या शेतात पुरलेल्या म्हाताऱ्या बैलाचा जबडा उकरून देण्याचे कबूल केले आहे.

आपला,
एक सेवानिवृत्त पशुवैद्यक,
आटपाडी, जि. सांगली