भीती नको, माहिती हवी

रविवारच्या पुरवणीतील स्कूबा डायव्हिंगवरील लेखात ‘खाली ओढणारा प्रवाह माणसाला थेट तळाशी नेतो’ असे म्हटले आहे. अशाने पोरे घाबरतील, सावध होणार नाहीत. आमच्या पवनीकडची मुलेही आता सुट्टीत मालवण, अंदमान गाठतात, म्हणून हे पत्र.

असा प्रवाह बहुधा समुद्रातील उभ्या खडकालगत तयार होतो. स्वतःचेच बुडबुडे वर न जाता खाली जाऊ लागले की तो ओळखावा. त्याच्याशी झुंजत सरळ वर येण्यापेक्षा खडकापासून आडवे दूर जावे. तिथे जोर सहसा ओसरतो. वैनगंगेत पोहायला शिकवताना वडीलही हेच सांगत, ‘पान्याशी भांडू नोको, बाजूनं निंघ.’

खरा धोका हवेचा आहे. 30 मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, त्यामुळे टाकीतील हवाही चौपट वेगाने संपते; घाबरून हातपाय मारले तर त्याहून लवकर. अंगावरच्या फुगवता येणाऱ्या जॅकेटमध्ये हवा भरून सुटका करून घेतली, तरी प्रवाह सुटताच ती सोडावी लागते. नाहीतर माणूस भरकन वर येतो आणि श्वास रोखलेला असेल तर फुप्फुसे फाटू शकतात. लेखात याबद्दल एक ओळही नाही. पुढच्या पुरवणीत ही माहिती जरूर छापावी.

– एक वाचक, पवनी (जि. भंडारा)