आजारी माणूस हालत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बॅटरीशिवाय, अंगाच्याच जोरावर चालणाऱ्या आरोग्य-सेन्सरांवरचा आपल्या रविवार पुरवणीतला लेख वाचला. म्हापशात पस्तीस वर्षं घड्याळं दुरुस्त करण्यात गेली, म्हणून थोडं लिहावंसं वाटलं.

अंगावर चालणारं यंत्र गोव्याला नवं नाही. तारवटी, म्हणजे जहाजांवर नोकरी करणारे आपले लोक, बोटीवरून सुट्टीला यायचे तेव्हा मनगटावर बहुतेक सेको फाइव्ह घड्याळ असायचं. मागचं झाकण काढलं की आत अर्धचंद्रासारखा जड लोलक. हात हलला की तो फिरतो आणि स्प्रिंगला चावी बसते. पुरी चावी असेल तर घड्याळ ४० तासांच्या आसपास चालतं. निवृत्त तारवटी मात्र शुक्रवारच्या बाजाराला आले की हटकून दुकानात डोकवायचे, "काल दुरुस्त केलें, आयज परत बंद पडलें!" घड्याळ ठणठणीत असायचं. पात्राव (मालक) दिवसभर बाल्कांवात, घरापुढच्या बैठकीवर, बसलेले, हात हलणार कधी?

नव्या सेन्सरांची गोम इथेच आहे. हालचालीवर वीज करणारी पट्टी सकाळी मिरामारला फेऱ्या मारणाऱ्याच्या हातावर झकास चालेल. तोच माणूस तापाने आडवा झाला की वीज आटली. नाडीचा ठोका पट्टीला दाबतो आणि त्यातूनच सूक्ष्म व्होल्टेज मिळतं, हे खरं. म्हणजे नाडी टिपायला बाहेरून वीज लागत नाही. पण ती मोजून ब्लूटूथवरून मुलाच्या फोनवर पोचवायला लागते, आणि खर्च तिथेच आहे.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. दोन पदार्थ एकमेकांना लागून सुटले की विद्युतभार तयार होतो. नायलॉनचा शर्ट काढताना चटचट होतं, तेच हे. त्यावर बेतलेलं वीज करणारं जनित्र अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठात झोंग लिन वांग यांच्या गटाने २०१२ साली मांडलं. पण ओल्या हवेत हा भार टिकत नाही, गळून जातो. आपल्याकडे जुलैत आर्द्रता ८०-९० टक्के, कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते. पट्टी घट्ट बंद केली तर निभावेल, पण ते आपल्या पावसात पाहिलं पाहिजे. शरीराच्या उष्णतेवर चालणाऱ्या सेन्सरला त्वचा आणि हवा यांच्या तापमानात फरक लागतो. मे महिन्यात दुपारी आपली हवा ३३ अंशांवर आणि मनगटाची त्वचाही जवळपास तेवढीच. वीज येणार कुठून?

घामाचं म्हणाल तर तो गोव्यात फुकट आणि भरपूर. सॅन दिएगोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात २०२१ साली बोटाच्या टोकावर लावायची पट्टी केली गेली. घामातल्या लॅक्टेट नावाच्या रसायनापासून ती झोपेतसुद्धा थोडी वीज करते. निजलेल्या माणसाचा प्रश्न तिने निदान ओळखला आहे, म्हणून माझा कौल तिला.

धूळ मोजणारा बिल्लाही असाच बॅटरीशिवाय चालेल, हे लेखातलं म्हणणं मात्र जरा घाईचं. डिचोली-सत्तरीत खनिजाचे ट्रक पाहिलेल्यांना धूळ मोजणारा बिल्ला हवाच आहे. पण धूळ मोजणारं यंत्र छोट्या पंख्याने हवा ओढतं आणि लेसरच्या उजेडात कण मोजतं. त्याला लागणारी वीज अंगावरच्या पट्टीतून मिळणाऱ्या विजेच्या कितीतरी पट. ट्रकचालकाला तो बिल्ला द्यायचाच असेल तर सरळ बॅटरीचा द्या, गाडीत चार्ज होईल. "बॅटरीशिवाय" या शब्दासाठी त्याला ताटकळत ठेवू नये.

फर्मागुडीला आयआयटी आहे, बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आहे. सरकारने असली उपकरणं विकत घेण्याआधी दोघांनी मिळून ती जून ते सप्टेंबर इथल्या माणसांच्या अंगावर वापरून बघावीत: शेतात राबणारे, मासे उतरवणारे आणि अंथरुणाला खिळलेलेही. घामातल्या मिठाने खाल्लेली झाकणं आणि गंजलेल्या चावीच्या दांड्या यांचा एक बिस्किटाचा डबा माझ्याकडे अजून आहे. कुणाला अभ्यासाला हवा असेल तर खुशाल घेऊन जावा.

आपला,
एक जुना घड्याळवाला, म्हापसा