देवरूखच्या घरी सामान हलवण्याआधी

चि. सौ. मुक्तास अनेक आशीर्वाद.

घराचे फोटो आणि तू काढलेला नकाशा, दोन्ही नीट पाहिले. जांभ्याच्या भिंती, कौलारू छप्पर, मागच्या भिंतीला लागून लांबट गोठा. गोठ्यात सुतारकामाची करवत कुठे आणि रंधा मशीन कुठे, हे तुझं आणि निखिलचं ठरूनही गेलंय. पण मशिनं सगळ्यात शेवटी. जूनमध्ये पाऊस लागला की छपरावर कोणी चढत नाही, म्हणून आधी छप्पर, मग वीज, मग गोठ्याची जमीन. जुना रंग काढायचं काम मात्र मुलांना तिकडे नेण्याआधीच उरकायचं.

छप्पर बघताना कौलांपेक्षा वासे बघ. वासा भिंतीवर टेकतो तिथे पाणी मुरतं, आणि कुजायला सुरुवात तिथूनच होते. स्क्रू ड्रायव्हर घेऊन प्रत्येक वाशाच्या खालच्या टोकात दाब. दोन-तीन मिलिमीटरवर अडला तर वासा ठीक. लोण्यासारखा आत गेला तर तो बदलायचा, वरून कितीही चकचकीत दिसला तरी. भिंतीवर मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. त्या नुसत्या झाडून काही होत नाही. जमीन आणि भिंत मिळते तिथे फूटभर अंतराने १२ मिलिमीटरची भोकं पाडून औषध सोडावं लागतं. परवानाधारक माणसाकडूनच करून घे, आणि विहिरीच्या बाजूला औषध सोडू देऊ नकोस.

शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं धर आणि दहा टक्के जादा आण. माकडं ती संपवतातच. दुकानात जाताना आपलं एक कौल पिशवीत घालून ने. जुन्या आणि नव्या कौलांच्या खाचा बहुतेक वेळा जुळत नाहीत. तसंच रेटून बसवलं की पहिल्याच सरीला नेमकं तिथे गळतं. पाडलेल्या घराची कौलं मिळाली तर ती नव्यापेक्षा बरी. गोठ्यावर चार-सहा काचेची कौलं घाल, दिवसा दिवा लागणार नाही.

आता वीज. फोटोत लाकडी पट्टीवरून गेलेल्या वायरी आणि चिनी मातीचे फ्यूज दिसतायत. म्हणजे वायरिंग काही ठिकाणी दुरुस्त करून भागणार नाही, सगळं नवं करावं लागेल. दिव्यांना दीड एमएमची वायर, प्लगला अडीच, आणि गोठ्यासाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र चार एमएमची लाइन. वायरमन म्हणेल, गोठ्यालाही दीड चालते. हिशेब बघ. दोन एचपीची सिंगल फेज मोटर चालताना दहाएक अँपिअर घेते, पण सुरू होताना क्षणभर पाच-सहा पट. बोर्डापासून गोठा वीस मीटर असेल तर दीडच्या वायरीत त्या क्षणी पंचवीस-सव्वीस व्होल्ट वायरीतच जातात. चारमध्ये दहाच्या आत राहतात. संध्याकाळी गावात व्होल्टेज आधीच पडलेलं असतं. मग मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, आणि दोन-चार वेळा तसं झालं की वाइंडिंग जळतं. त्या लाइनवर २० अँपिअरची सी कर्व्ह एमसीबी घ्या, ती मोटर सुरू होतानाचा झटका सोसते. बी कर्व्हची घेतली तर मोटर सुरू करतानाच पडू शकते.

पूर्ण घराला ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे शॉक बसताच वीज तोडणारा स्विच, हवीच. रांगतं मूल सगळ्या बोर्डांपर्यंत पोहोचतं. ती सारखी पडायला लागली की काढून टाकण्याचा सल्ला मिळेल. तो ऐकू नकोस. बहुतेक वेळा एका सर्किटचा न्यूट्रल दुसऱ्यात मिसळलेला असतो, नाहीतर ओल्या भिंतीत वायर सोललेली असते. एकेक सर्किट सुटं करून बघितलं की सापडतं. अर्थिंगला अडीच मीटरचा जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, भोवती कोळसा आणि मीठ. जांभा मे महिन्यात खडखडीत वाळतो आणि अर्थ मिळेनासा होतो, म्हणून खड्डा मोरीचं पाणी जिथे जातं त्या केळीपाशी घे. अर्थ टेस्टर लावून पाच ओहमच्या आत येतं का बघा. नाही आलं तर तीन मीटर सोडून दुसरा खड्डा.

मशीनला साधं बटण अजिबात नको. करवत चालू असताना लाइट गेली, तुम्ही बटण तसंच ठेवून चहाला घरात आलात आणि तासाभराने लाइट आली, तर पातं आपोआप फिरायला लागेल. तेव्हा तिथे कोण उभं असेल सांगता येत नाही. डीओएल स्टार्टर बसवा. लाइट गेली की तो सुटतो आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय लागत नाही. गावातल्या वायरमनला शेतपंपावर ऑटो स्विच, म्हणजे लाइट आली की मोटर आपोआप सुरू करणारा, लावायची सवय असते. तो इथे लावू देऊ नकोस, त्यामुळे सगळा उपयोगच जातो. शिवाय कुलूप लागेल असा आयसोलेटर (वीज पूर्ण तोडणारा स्विच) जमिनीपासून पाच फुटांवर.

गोठ्याची जमीन सारवलेली आहे. ओल वर येऊन मशिनांची बिडाची टेबलं आठवड्यात गंजतील. दगडाची सोलिंग, वर जाड प्लास्टिक, वर चार इंच कोबा. कोबा ओतण्याआधी करवतीच्या जागेपर्यंत २५ मिलिमीटरचा पाइप टाकून ठेव. ते राहिलं तर जन्मभर वायर पायात.

जुन्या घरातल्या मधल्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत, वर माळा सलग मोकळा असतो. तुझ्याही घरात तेच असणार. गोठ्यातला भुसा वरून सरळ स्वयंपाकघरात आणि पाळण्यात उतरेल. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक पदार्थांच्या यादीत आहे, तेव्हा ही फक्त झाडलोटीची गोष्ट नाही. सामायिक भिंत कौलांपर्यंत नेऊन फट बंद करा. गोठ्यातून आल्यावर कपडे बदलल्याशिवाय धाकट्याला उचलायचं नाही, हे निखिललाही सांग. अळशीच्या तेलाचे बोळे चुरगळून ठेवलेत तर ते आपोआप तापून पेटतात. पसरून वाळवा किंवा पाण्याच्या डब्यात बुडवा.

दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट जुना आहे. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाखांत ९० भाग) आत असलं पाहिजे हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही. कोरडा पॉलिश पेपर मारू नका. पाणी लावून वॉटर पेपर मारा, गाळ गोळा करून पिशवीत बांधा, जमीन दोनदा ओल्या फडक्याने पुसा. पडवीवर जुने सिमेंटचे पत्रे आहेत, त्यांत ॲस्बेस्टॉस धर. कापायचे नाहीत, भोकं पाडायची नाहीत. भिंतींना लोणा (खाराचा पांढरा थर) लागलाय तिथे सिमेंटचा गिलावा लावू नका. ओल आत कोंडते आणि वर्षभरात गिलावाच फुगून पडतो. चुन्याचा गिलावा, वर चुन्याचीच सफेदी.

विहिरीला कठडा आहे, पण वर लोखंडी जाळी आणि कुलूप पहिल्या दिवशीच. पाणी शुद्ध करायला टीसीएल (ब्लीचिंग पावडर) हजार लिटरला अडीच ग्रॅम. तुझी विहीर तीन मीटर रुंद, पाणी चार मीटर, म्हणजे सुमारे अठ्ठावीस हजार लिटर, सत्तर ग्रॅम झाली. बादलीत कालवून दहा मिनिटं ठेव, चुना खाली बसला की वरचं पाणी तेवढं विहिरीत सोड. तासभर उपसायचं नाही.

मीटर कोणाच्या नावावर आहे आणि मंजूर भार किती, ते बिलावर असतं. फर्निचर विकणार असाल तर गोठ्याला वेगळं मीटर घ्यावं लागेल का, ते वीज कार्यालयात विचार. बिलाचा आणि मेन बोर्डाचा झाकण उघडून काढलेला फोटो रविवारपर्यंत पाठव, आणि बोर्डापासून गोठ्याच्या लांबच्या कोपऱ्यापर्यंत टेप लावून अंतर कळव. त्यावरून वायरची यादी करून देतो.

तुझे बाबा