जळू काढताना मीठ नको

संपादक महोदय,
वर्षावनातील भटकंतीवरचा रविवार पुरवणीतील लेख वाचला. प्राण्यांची वर्णने सुरेख आहेत. पण चिकटलेल्या जळूवर मीठ टाकण्याचा किंवा पेटती काडी टेकवण्याचा सल्ला घातक आहे, नवख्यांनी तो मुळीच ऐकू नये. बिथरलेली जळू पोटातले रक्त जखमेत ओकते आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. तिचे निमुळते टोक तोंडाचे. तिथली त्वचा ताणून नख आडवे सरकवावे. पकड सुटताच मागचे जाड टोकही तसेच सोडवावे. हिसका देऊ नये. लाळेतील हिरुडिन रक्त गोठू देत नाही, म्हणून जखम तासन्‌तास झिरपते. साबणाने धुऊन स्वच्छ कापडाने दाबून धरावी. घट्ट विणीचे, गुडघ्यापर्यंतचे मोजे पँटवरून चढवले तर बहुधा ही वेळच येत नाही.
– एक वाचक