बीपला वाक्य ऐकू येत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या अंकात गाण्यांतल्या आक्षेपार्ह शब्दांवरचा आपला लेख वाचला. टीव्ही वाहिन्यांनी आणि एफएमवाल्यांनी असे शब्द न चुकता बीप करावेत, चालढकल करणाऱ्यांवर सरकारने बडगा उगारावा, असा एकूण सूर. त्याच लेखात पुढे म्हटलंय की, शब्द कुणी कुठल्या अर्थाने वापरला याच्या 'चांभारचौकशा' करत बसू नये. मी चांभार. मिरजेत आमचं चपलांचं छोटं दुकान आहे, त्याआधी वडील रस्त्याकडेला पेटी मांडून बसत. तेव्हा चौकशा करायचा हक्क आमच्याकडे वडिलोपार्जित आहे, तो बजावतो.

आधीच सांगतो, त्या शब्दाचा मला राग आला नाही. सवय आहे. 'चांभाराच्या देवाला खेटराची पूजा' ही म्हण गुरुजींनी पाचवीत अर्थासकट शिकवली तेव्हा सगळा वर्ग मान वळवून माझ्याकडे बघत होता. घरी मात्र हीच म्हण वडील मजेत म्हणायचे. दसऱ्याला रापी, आरी मांडून हळदकुंकू वाहिलं की शेजारी स्वतः केलेला नवा जोड ठेवत आणि म्हणत, "घे देवा, तुझ्या पूजेचं खेटर." शब्द तेच, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. वर्गात माझी मान खाली गेली आणि घरी आम्ही पोरं खिदळलो. आता बीपचं बटण हातात घेऊन बसलेल्या माणसाने यातलं काय कापायचं?

नोव्हेंबर 2007 च्या अखेरीस माधुरी दीक्षितचा 'आजा नच ले' आला. बऱ्याच वर्षांनी आपली माधुरी पडद्यावर येणार म्हणून आमच्या घरातल्या बायकांनी पहिल्याच आठवड्याचा बेत केला होता. त्याच्या शीर्षकगीतात एक ओळ होती, तिचा मतलब असा, की मोहल्ल्यात काय गोंधळ माजलाय बघा, मोचीसुद्धा स्वतःला सोनार म्हणवतोय. उत्तर प्रदेशात मायावतींच्या सरकारने चित्रपटावर बंदी घातली, पंजाब-हरियाणातही तेच झालं. निर्मात्यांनी माफी मागून तो भाग गाण्यातून काढला, मग बंदी उठली. इथल्या पुष्कळ शहाण्या मंडळींनी तेव्हा नाकं मुरडली, की बघा, आता 'मोची' म्हणायचीही चोरी.

'मोची' म्हणायची चोरी कुणी केली होती? मोची हे कामाचं नाव आहे, ते आमच्या पाटीवर असतं. दुखत होतं ते 'सुद्धा'मध्ये. आपली पायरी सोडून मोची वर बघायला लागला, हीच त्या ओळीतली गंमत होती. त्याच आठवड्यात एक नेहमीचं गिऱ्हाईक वडिलांना म्हणालं, "काय मग, सोनार झालात म्हणे!" वडिलांनी वादी दातात धरून टाका ओढला आणि मान वर न करता सांगितलं, "झालो. आजपासून मजुरीपण सोनाराची." गिऱ्हाईक हसलं, वडील हसले नाहीत.

त्या ओळीतल्या 'मोची'वर नुसता बीप टाकला असता तर काय झालं असतं? अमुकतमुकसुद्धा स्वतःला सोनार म्हणवतो, एवढं उरलं असतं आणि गाळलेली जागा प्रत्येकाने आपापल्या मनातल्या जातीने भरली असती. आमच्याकडे याची प्रचिती घरबसल्या येते. माझा नऊ वर्षांचा पुतण्या टीव्हीवर गाण्यात बीप आला की तिथे आपला शब्द घालून ओरडतो. परवा एका पंजाबी गाण्यात गाळलेला शब्द साधा 'दारू' होता. त्याने जो घातला तो मी इथे लिहू शकत नाही, आणि लिहिला तर तुम्ही तो बीप कराल.

उलटी बाजूही बघा. जालंधरची गिन्नी माही नावाची एक तरुण गायिका आहे. आमच्या समाजाच्या नावाचा जो उत्तरेकडचा शब्द तिथे शिवी म्हणून तोंडावर फेकला जातो, तोच शब्द घेऊन तिने 'डेंजर चमार' हे गाणं गायलं. बाबासाहेबांवर गाते, संत रविदासांवर गाते, आणि हा शब्द असा ठासून म्हणते की ऐकताना पाठ आपोआप ताठ होते. माझ्या थोरल्या मुलीच्या मोबाइलची रिंगटोन वर्षभर तीच होती. आपल्या लेखाच्या हिशेबाने हा शब्द यादीत येणार. म्हणजे एका तोंडी तो शिवी म्हणून कापला जाईल आणि गिन्नीच्या तोंडचाही कापला जाईल. शिवी देणाऱ्याकडे दुसऱ्या शिव्या असतात. तिच्याकडे तो एकच शब्द आहे.

आणि याद्या करणाऱ्यांची जात तर विचारूच नका (हा विनोद आमच्याकडे चालतो). 2015 साली मिहिर जोशी या गायकाच्या व्हिडिओत सेन्सॉर बोर्डाने 'बॉम्बे' हा शब्द बीप करायला लावला. मी स्वतः कधीही मुंबईखेरीज दुसरं नाव घेत नाही, माझ्यासमोर कुणी घेतलं तर टोकतो. पण टोकणं वेगळं आणि तोंड दाबणं वेगळं. बरं, त्या बीपविरुद्ध दाद मागायची तर जायचं कुठे? बॉम्बे हायकोर्टात! असे बीप टाकून टाकून खरी तक्रारही हसण्यावारी न्यायची सवय लोकांना लागते, आणि तिची किंमत शेवटी आम्ही मोजतो. 'दबंग 2'मध्ये बाई स्वतःला तंदुरी मुर्गी म्हणवून घेते, दारूबरोबर गट्टम करायला सांगते. ते गाणं यंत्राच्या हवाली केलं तर यंत्र 'अल्कोहोल' पकडेल. मुर्गी सुटेल.

एक गोष्ट आमच्या बाजूच्या लोकांना रुचणार नाही, तरी लिहितो. 2009 मध्ये 'बिल्लू बार्बर'मधल्या 'बार्बर'ला सलूनवाल्यांच्या संघटनेने हरकत घेतली आणि पोस्टरवरचा तो शब्द झाकला गेला. मला ते पटलं नव्हतं. आमच्या शेजारचे सलूनवाले तेव्हा खूश झाले. मी त्यांना म्हटलं, तुमच्याच धंद्याच्या नावावर कागद चिकटवून घेतलात. त्यावर ते म्हणाले, "तुम्हाला 'ए चांभार' म्हणून हाक मारतात तेव्हा कसं वाटतं?" मला लगेच उत्तर सुचलं नाही. आजही हा वाद आमच्यात अधूनमधून निघतो, चहा होतो आणि मिटत नाही.

जिथे जातीचं नाव निव्वळ अपमानासाठी वापरलंय तिथे बीपची पळवाट नकोच. ते गाणं लावूच नका, 1989 चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा आहेच. बाकी गाण्यांबाबत तक्रार आली तर वाहिनीने आख्खं कडवं ऐकावं, ज्याच्याविषयी ते आहे त्याला विचारावं आणि ओळ बदलायची झाली तर ज्याने लिहिली त्याच्याकडून बदलून घ्यावी. याला वेळ लागतो, हे कबूल. बटण दाबायला अर्धा सेकंद पुरतो.

आपला,
एक वाचक, मिरज
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये.)

ता. क. : लेखातला 'चांभारचौकशा' हा शब्द कृपया मागे घेऊ नये. कुठे लागतंय, कधीपासून लागतंय, चालताना की उभं राहिल्यावर, जोड कुणाकडून केला होता, एवढं सगळं वडील गिऱ्हाइकाला विचारायचे आणि मगच आरी उचलायचे. गिऱ्हाईक वैतागायचं. पण न विचारता घातलेला टाका नेमका पायाला टोचतो.