पंप ‘लागू पडत नाही’ तेव्हा

महोदय,

थंडी पडली की नागपुरात ‘दम्याचा पंप लागू पडत नाही’ ही तक्रार वाढते आणि सूज उतरवणाऱ्या स्टेरॉइडचा डोसही. खरा स्टेरॉइड-प्रतिरोध (स्टेरॉइडला दाद न देणारा दमा) विरळा. त्याची रूढ कसोटी: रोज ४० मि.ग्रॅ. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइडची गोळी) दोन आठवडे देऊनही एफईव्ही-१, म्हणजे जोराने फुंकताना पहिल्या सेकंदात बाहेर पडणारी हवा, १५ टक्के सुधारत नाही; श्वासनलिका रुंदावणाऱ्या साल्ब्युटामॉलने मात्र सुधारते.

अशा प्रतिरोधात बिघाड पेशीत असतो. स्टेरॉइड पेशीतल्या आपल्या ग्राहीला (रिसेप्टरला) जोडून केंद्रकात शिरतो आणि एचडॅक-२ या विकराकरवी (एन्झाइमकरवी) सूज पेटवणारी जनुके बंद करतो. बिडी-सिगारेटच्या धुराने ऑक्सिडेटिव्ह ताण वाढला की हे विकरच मंदावते. मग डोस दुप्पट करून काय होणार? शिवाय पी-३८ कायनेज हे दुसरे विकर ग्राहीवर फॉस्फेट चढवून तिचे काम बिघडवते. न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचे प्राबल्य असलेल्या दम्यात तर स्टेरॉइड मुळातच कमी पडतो.

पण आधी तंत्र तपासा. फवाऱ्याचा पंप श्वास पूर्ण सोडून ४-५ सेकंद सावकाश ओढावा, १० सेकंद रोखावा. पावडरीचा रोटाहेलर जोरात, खोल ओढावा. याची हमखास अदलाबदल होते आणि औषध घशातच राहते. नंतर चूळ भरून थुंकावी.

डॉक्टरांना कळकळीची विनंती: स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू करण्यापूर्वी रक्तातील इओसिनोफिल या पांढऱ्या पेशी मोजा. गोळ्यांनी तो आकडा पडतो आणि इओसिनोफिल घटवणाऱ्या मेपोलिझुमॅबसारख्या इंजेक्शनला योग्य रुग्ण ओळखूच येत नाही.

– दोन श्वसनविकारतज्ज्ञ, धंतोली, नागपूर